प्लग लावूनही कान वाजतोय? नवीन प्लग घ्यायच्या आधी हे बघा

दरवर्षी सराव सुरू होऊन पंधरा दिवस झाले की कोणीतरी नवीन पोरगा नाहीतर पोरगी येऊन सांगतेच, दादा प्लग लावला होता तरी रात्रभर कानात चुंईं चालू होतं, हे प्लग फालतू आहेत, चांगले कुठले घेऊ? मी पुण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, अकरा वर्षं झाली, आणि मधल्या काळात कधीतरी कोणी न नेमताच कानांचं खातं माझ्याकडे आलं. हाच प्रश्न आता कॉन्सर्टला जाणारे ऑफिसातले मित्र पण विचारतात, ढोल ऐवजी स्पीकरची भिंत एवढाच फरक. आणि इतक्या वर्षांत बघितलंय ते असं की दहातल्या आठ वेळा प्लगचा काही दोष नसतो. नीट बसलेला नसतो, उशिरा लावलेला असतो, नाहीतर सेल्फीसाठी चार वेळा काढलेला असतो. म्हणून पैसे घालवायच्या आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्या, मी त्याच क्रमाने लिहितोय.

आधी लक्षणं, कारण कुठलं लक्षण आहे त्यावरून कुठे बघायचं ते अर्धं कळतं.

वादन संपल्यावर बारीक शिट्टी, किडा किरकिरल्यासारखा आवाज. किंवा कानात पाणी गेल्यासारखं, समोरचा बोलतोय ते उशीच्या आतून आल्यासारखं. या दोन्हीचा अर्थ एकच, आवाज आत पोचला, प्लगने अडवला नाही.
एकाच कानात होतंय, दुसरा ठीक: बहुतेक वेळा लावण्यात चूक, नाहीतर त्या बाजूला कोण उभं होतं ते बघा.
अर्ध्या तासात प्लग आपोआप बाहेर सरकतो: साइज, घाम, किंवा अर्धाच आत गेलाय.
गाणं डब्यातून आल्यासारखं, ठेका कळत नाही, म्हणून काढून ठेवला: प्लगचा प्रकार चुकलाय.
प्लगनेच कान दुखतो, खाजतो: साइज, घाण, किंवा मळ.
आणि कान अचानक बंदच झालाय, गरगरतंय, पू किंवा रक्त येतंय: पुढचं काही वाचू नका, सरळ शेवटचा भाग वाचा.

मुळात कानात काय घातलंय?

हसू नका, पण हे विचारावंच लागतं. कापसाचे बोळे म्हणजे प्लग नाही. कापूस घातल्यावर आवाज जरा मऊ वाटतो आणि आपल्याला वाटतं झालं काम, पण त्यातून आवाज जवळजवळ सगळाच आत येतो, आणि वर तो समाधान देतो हे जास्त वाईट कारण माणूस मग बिनधास्त टोलच्या (पथकातली धातूची मोठी ठणठणाटी थाळी) शेजारी उभा राहतो. टिश्यू पेपर तेच. मोबाईलचे बड घालून गाणी बंद ठेवणारे पण बघितलेत, साधे बड सील होत नाहीत, त्याचा भरवसा धरू नका. स्पंजचा साधा पिवळा-केशरी प्लग मिळतो तो चहा-वड्याच्या पैशात जोडी येतो. सेफ्टी शूज, हेल्मेट विकणाऱ्या दुकानात विचारा, भोसरी-चिंचवडकडे तर अशी दुकानं भरपूर. तिथून सुरुवात करा.

फुलवात नको, समईची वात हवी

सगळ्यात जास्त चूक इथे होते त्यामुळे यावर जरा वेळ घालवतो.

स्पंजचा प्लग बुचासारखा दाबून बसवायचा नसतो. तो आधी दोन्ही हातांच्या बोटांत वळायचा, एकसारखा, सुरकुती न पडू देता, अगदी समईच्या लांब वातीसारखा बारीक होईपर्यंत. पोरं करतात काय तर चिमटीत दाबतात, त्याची होते फुलवात, खाली जाड वर टोक, ती दारातच अडकते. सुरकुती पडली तर फुगल्यावर तिथेच फट राहते आणि आवाजाला फट पुरते.

मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून घ्या आणि कानाचं वरचं टोक वर आणि मागे ओढा. कानाची नळी सरळ नसते, तिला वाक असतो, ओढल्यावर ती सरळ होते आणि वात आत जाते. ओढलं नाही तर प्लग वाकाला टेकून थांबतो आणि तुम्हाला वाटतं बसला. आत सरकवला की बोटाने धरून ठेवा, मनात ३० आकडे मोजा. स्पंज हळूहळू फुगतो, आधी सोडलात तर फुगता फुगता तो स्वतःलाच बाहेर ढकलतो. अर्ध्या तासात सरकतो म्हणणाऱ्यांपैकी निम्मे या ३० आकड्यांतच सुटतात.

आता पुण्यातली एक खास अडचण. भिकबाळी. दोन वर्षांपूर्वी एकजण सारखा म्हणायचा उजवाच कान वाजतो, डावा मस्त. टोल कुठल्या बाजूला, उभा कुठे, सगळं बघून झालं. शेवटी म्हटलं माझ्यासमोर लाव, तर हा पठ्ठ्या उजवा कान ओढतच नव्हता कारण दाबाची भिकबाळी आधीच घातलेली आणि ओढलं की कळ यायची. आधी प्लग, मग भिकबाळी, मग फेटा. हा क्रम आता आमच्याकडे पक्का आहे. मुलींचं बुगडीचं तसंच. फेटा पण कानावरून घट्ट गेला तर प्लगच्या कडेवर दाब येऊन तो तिरका होतो, बांधणाऱ्याला सांगा कानाच्या जरा वरून घे.

बसलाय की नाही हे कसं बघायचं: आवाज चालू असताना प्लग लावून दोन्ही तळहात कानांवर घट्ट झाका आणि काढा. झाकल्यावर आवाज एकदम खूप कमी झाला तर प्लग गळतोय, परत लावा. फारसा फरक नाही पडला तर बसलाय. दुसरं, तोंड मिटून "हूं" करा, दोन्ही कानांत सारखंच घुमलं पाहिजे. एकात घुमतंय आणि एकात नाही तर न घुमणारा गळका. आपलाच आवाज फारच रांजणात बोलल्यासारखा येत असेल तर प्लग वर वर राहिलाय, थोडा अजून आत घ्या, घुमणं कमी होतं. आरशात समोरून बघितल्यावर प्लगची टोकं बाहेर शिंगासारखी दिसत असतील तर ते प्लग नाहीत, दागिने आहेत.

कधी लावला, किती वेळा काढला?

हे पण फुकट आहे आणि यातलं गणित कळलं की माणूस सुधारतो, मी तरी सुधारलो.

आवाजाचा हिशोब असा चालतो: अमेरिकेतली निऑश म्हणून संस्था आहे, कामगारांच्या सुरक्षेवर काम करते, तिच्या हिशोबाने ८५ डेसिबलला ८ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. ताशाच्या रांगेत १०० च्या खाली काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कॉन्सर्टच्या जागांसाठी जी मर्यादा सांगितली ती पण सरासरी १०० डेसिबलच आहे, आणि त्याच्याच जोडीला प्रेक्षकांना प्लग मिळाले पाहिजेत असंही त्यात आहे.

आता समजा प्लग खरोखर ३० डेसिबल अडवणारा आहे आणि एकदम परफेक्ट बसलाय. तासाभरात तुम्ही पाणी प्यायला, फोटोला, आणि "काय म्हणतोस?" म्हणून मिळून फक्त ६ मिनिटं काढलात. त्या तासाचं तुमचं संरक्षण ३० नाही, साधारण १० झालं. अर्धा वेळ काढलात तर ३. म्हणजे महागडा प्लग आणि साधा प्लग यातला फरक तुम्ही त्या ६ मिनिटांतच धुवून टाकता. म्हणून पहिला ठोका पडायच्या आधी लावा आणि रांगेतून बाहेर, लांब जाऊन मगच काढा. बोलायचं असेल तर हातवारे आहेत, शिट्टी आहे, पथकात नाहीतरी सगळं इशाऱ्यावरच चालतं.

दोरीवाले प्लग घ्या असं मी सांगतो ते यासाठीच, गळ्यात राहतात, गटारात पडत नाहीत. पण मिरवणुकीत एक लक्षात ठेवा, गुलालाच्या हाताने प्लग वळायचा नाही. तो गुलाल सरळ कानात जातो आणि मग दोन दिवस खाज. हात धुवा, निदान बाटलीतल्या पाण्याने.

आणि "प्लग लावला तर ठेका चुकतो" ही तक्रार. खरी आहे, पहिले चार-पाच दिवस चुकतो. ढोलवाल्यांना कमी त्रास कारण ढोल कमरेला बांधलेला असतो, टिपरू पडलं की पोटातच कळतं. ताशावाल्याला स्वतःच्या काड्यांची बारीक तडतड ऐकायची सवय असते ती जाते. उपाय एकच, सरावाच्या पहिल्या दिवसापासून प्लग लावून वाजवायचं. विसर्जनाच्या सकाळी पहिल्यांदा लावणारा मिरवणुकीच्या सुरुवातीलाच लागणाऱ्या बेलबाग चौकापर्यंत पण टिकवत नाही, हे मी बघितलंय.

उभे कुठे असता?

मोकळ्या मैदानावर आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे वरच्या हिशोबाने चौपट वेळ मिळाला, एक रुपया न देता. कॉन्सर्टला स्टेजच्या बाजूच्या स्पीकरला चिकटून उभं राहणाऱ्यांना मला काय म्हणावं कळत नाही, तिथे धड ऐकूही नीट येत नाही. साऊंडवाल्याचं टेबल जिथे असतं त्याच्या आसपास उभे राहा, तो माणूस तिथे ऐकूनच सगळं सेट करतो त्यामुळे सगळ्यात चांगलं मिक्स तिथेच मिळतं.

लक्ष्मी रोडवर मात्र हे गणित पूर्ण लागू होत नाही. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मंडळी दरवर्षी विसर्जनाला तिथे आवाज मोजतात ते आकडे पेपरात येतातच. तिथे अंतरापेक्षा विश्रांती महत्त्वाची. दोन चौकांमध्ये एखाद्या गल्लीत आत जाऊन दहा मिनिटं बसा.

पथकात एकाच कानाची तक्रार असेल तर शेजारी बघा. मी सहा वर्षं टोलच्या उजव्या हाताला उभा राहिलो, म्हणजे टोल माझ्या डाव्या कानाशी, आणि तेव्हा प्लग वगैरे आम्हाला बायकी वाटायचं, असलाच शब्द वापरायचो आम्ही. आज शांत खोलीत झोपताना डाव्या कानात एक बारीक शिट्टी असते. कायमची. पंखा चालू असला की जाणवत नाही, लाईट गेले की जाणवते. आता आमच्याकडे टोलशेजारची माणसं दर सरावाला बदलतात.

मोबाईलवर डेसिबलचं ॲप टाकून बघायला हरकत नाही पण त्याचा अंदाजच घ्या. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला, खूप मोठ्या आवाजाला तो बऱ्याचदा वर जातच नाही, त्यामुळे ॲप ९५ दाखवतंय म्हणजे ९५ च आहे असं समजू नका.

साइज

इथून पुढे थोडे पैसे. सगळ्यांच्या कानाची नळी सारखी नसते, एकाच माणसाचे दोन कान पण सारखे नसतात. बारीक चणीच्या मुलींना आणि बऱ्याच मुलांनाही नेहमीचा प्लग मोठा होतो, तो दुखतो म्हणून अर्धाच घालतात, अर्धा घातला की गळतो. छोट्या साइजचा मागून बघा, दुकानदार "एकच साइज असते" म्हणाला तर दुसरं दुकान. उजव्यात मोठा आणि डाव्यात छोटा असं चालतं, कोणी बघत नाही.

स्पंजचा प्लग दोन-चार वेळाच. वळला आणि सोडला की तो परत फुगतोय का बघा, नाही फुगला, काळा पडला, कडक झाला तर टाकून द्या. तो धुवायचा नसतो. आणि दुसऱ्याचा घालायचा नसतो, हे पण लिहावं लागतं.

प्रकार

इथे लोक सगळ्यात आधी येतात आणि खरं तर सहाव्या नंबरला यायला पाहिजे.

स्पंज सगळा आवाज अडवतो पण वरच्या पट्टीचा जास्त अडवतो, म्हणून गाणं डब्यातून आल्यासारखं होतं, गायकाचे शब्द कळत नाहीत, झांजेची चमक जाते. कॉन्सर्टसाठी म्हणून जे फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग मिळतात ते वर-खाली सगळंच साधारण सारखं कमी करतात, म्हणजे आवाजाचं बटण खाली केल्यासारखं. गाणं ऐकायला गेलायत आणि मागे उभे राहणार आहात तर हेच घ्या, काढायचा मोह होत नाही हा त्यांचा खरा फायदा. पण ते कमी अडवतात. ताशाच्या रांगेत किंवा डीजेच्या भिंतीपुढे मी ते वापरत नाही, तिथे स्पंजच. तिथे सुरांची चमक ऐकायला कोण आलंय?

प्लग किती डेसिबल अडवतो तो पाकिटावरचा आकडा वाचताना जरा सांभाळून. अमेरिकन पाकिटावर एनआरआर असतो, युरोपियनवर एसएनआर, दोन्हीचे आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत, एसएनआर नेहमी मोठाच दिसतो. आणि हा आकडा प्रयोगशाळेत शिकवलेल्या माणसाने बसवलेल्या प्लगचा असतो, घामाघूम होऊन ट्रकच्या मागे उभं राहून घातलेल्या प्लगचा नाही. जुना ठोकताळा असा, एनआरआरमधून ७ वजा करा आणि निम्मं करा. ३३ लिहिलेलं असेल तर हातात १३ धरा. १०५ डेसिबलमध्ये उघड्या कानाला पाच मिनिटं सुद्धा मिळत नाहीत, १३ कमी होऊन ९२ झाले तर साधारण दीड तास मिळतो. म्हणजे पाच तासांच्या वादनाला प्लग असूनही विश्रांती लागतेच. नीट बसवलात तर १३ पेक्षा जास्त मिळतं, म्हणून वरचं समईच्या वातीचं पुराण लावलं.

टोलवाल्याला कोणी सांगेल प्लगवरून कानावर मफ (हेडफोनसारखे अख्खा कान झाकणारे) पण चढव. चालतं, पण दोन्हीची बेरीज होत नाही, वर साधारण ५ डेसिबल मिळतात. एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो, त्याला कुठलाच प्लग नाही. डीजेच्या बेसने छाती हलते तेव्हा तो प्लग बिघडलाय असं नाही, खालच्या पट्टीचा आवाज अंगातूनच येतो.

लहान मुलांना खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवणारे बाबालोक असतात, त्यांच्यासाठी एकच ओळ: छोट्या पोराला प्लग नको, मुलांच्या मापाचे मफ घाला, आणि स्पीकरपासून लांब.

मळ

सगळं करूनही एक कान दडे बसल्यासारखा राहतो, प्लग घातला की वाढतं. तेव्हा मळाचा संशय घ्या. रोज प्लग घातला की मळ आत ढकलला जातो. कापसाचे बड, हेअरपिन, गाडीची किल्ली, काडेपेटीची काडी यातलं काही घालू नका, मळ अजून आत जातो आणि पडद्याला लागलं तर वेगळंच होऊन बसेल. आजीचं लसणीचं कोमट तेल पण नको, पडद्याला भोक आहे की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही. हे काम ईएनटीचं, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचं.

मापाचे प्लग

कानाचा साचा घेऊन बनवलेले. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा, कानात मऊ लगदा भरून साचा घेतो, मग ९, १५ किंवा २५ डेसिबलचे फिल्टर बसवता येतात. काही हजार रुपये जातात. दर आठवड्याला स्टेजवर असाल, साऊंडचं काम करत असाल तर घ्या. वर्षातून दोन महिने पथकात असाल तर मी तरी आधी एक सीझन साध्या प्लगवर शिस्तीत काढा असंच सांगेन, कारण बेशिस्त माणूस मापाचा प्लग पण खिशातच ठेवतो, फक्त खिसा महाग होतो.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

आतल्या कानात शंखासारखा भाग असतो त्यात साधारण १५ हजार बारीक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, शिट्टी येते, रात्रभरात किंवा दिवसभरात बऱ्याचशा सावरतात. मेल्या तर माणसात परत येत नाहीत. त्यामुळे "होईल आपोआप" हे किती वेळ म्हणायचं याला मर्यादा आहे.

शिट्टी किंवा दडा दोन दिवसांत गेला नाही तर ईएनटी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. प्रत्येक सरावानंतर शिट्टी येतेय, दुसऱ्या दिवशी जातेय, तरी पण एकदा तपासा. आवाजाने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं, रोजच्या बोलण्यात ते बरेच दिवस जाणवत नाही, रिपोर्टमध्ये मात्र तिथे खड्डा दिसतो. मला पण माझा खड्डा कागदावर बघितल्यावरच पटला.

एक कान अचानक ऐकू यायचा बंद झाला किंवा खूप कमी झाला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा. याला स्टेरॉइडची औषधं असतात आणि ती जितकी लवकर तितकी उपयोगी, पहिले तीन दिवस महत्त्वाचे, दोन आठवडे गेल्यावर हातात फार राहत नाही. विसर्जन झाल्यावर बघू म्हणून हे दिवस घालवू नका. घरी गोळ्या-थेंब घालून प्रयोग नकोत.

कानातून पाणी, पू, रक्त, जोराची कळ, चक्कर, यातलं काही असेल तर प्लग घालायचाच नाही आणि वादनही नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. स्पंजचा तुकडा किंवा सिलिकॉनची टोपी आत राहिली असेल तरी चिमटा घालू नका.

डॉक्टरकडे जाताना वापरलेला प्लग बरोबर न्या, आणि चार गोष्टी लिहून न्या: कुठल्या दिवशी किती तास वाजवलंत, कोणाच्या शेजारी होतात, शिट्टी कधी सुरू झाली, आणि किती वेळ प्लग काढलेला होता. शेवटचं खरं सांगा, तिथे पथकातलं कोणी ऐकत नसतं.